आठवा सर्व्हर

आमच्या टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात मी त्याला एक कोडं घालतो. शेअर बाजारात ऑर्डरी पाठवणारी एक यंत्रणा आहे, आठ सर्व्हरवर चालते. गेल्या काही दिवसांत तिच्यावर नवीन कोड चढवलाय आणि आजपासून तो वापरात येणार आहे. साडेनऊला बाजार उघडतो आणि थोड्याच वेळात लक्षात येतं की यंत्रणा वेड्यासारख्या ऑर्डरी सोडते आहे. मिनिटाला साधारण एक कोटी डॉलर चाललेत. आता काय करशील?

उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं : "नवीन कोड काढतो, जुना परत टाकतो. बाकीचं नंतर बघू."

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीतल्या लोकांनी हेच केलं. आठातल्या एका सर्व्हरवर जो गोंधळ चालू होता, तो त्यामुळे उरलेल्या सातांवरही सुरू झाला. पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलर गेले.

बिल्ड आणि रिलीज, म्हणजे कोड तयार करून सर्व्हरवर चढवण्याचं काम, सांभाळणाऱ्यांमध्ये हे प्रकरण इतक्यांदा सांगितलं गेलंय की त्याची आता एकच ओळ उरली आहे : एका टेक्निशियनने एका सर्व्हरवर कोड कॉपी केला नाही आणि कंपनी बुडायला आली. ओळ खोटी नाही. पण तिच्यातून जो बोध निघतो, की बाबा रे नीट लक्ष देऊन कॉपी कर, तो अगदी कुचकामी आहे. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, १६ ऑक्टोबर २०१३ रोजी या प्रकरणात आदेश काढला. तो शांतपणे वाचला की गोष्ट नऊ वर्षं आधी सुरू झालेली दिसते, आणि विसरलेला सर्व्हर हा तिच्यातला सगळ्यात साधा भाग ठरतो.

यंत्रणा काय होती

जर्सी सिटीतली ही कंपनी बाजारातली ऐरीगैरी नव्हती. २०११ आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सूचिबद्ध शेअरांची जी उलाढाल व्हायची, तिच्यातला सुमारे १० टक्के भाग नाइटच्या हातून जायचा. यातलं ऑर्डरी बाजारात पोचवण्याचं काम स्मार्स नावाचा राउटर करायचा. मार्केट यार्डातल्या आडत्याकडे एकाच शेतकऱ्याची दोनशे पोती आली तर तो ती एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत नाही, दहा इथे, वीस तिथे असं करून खपवतो. स्मार्सचंही तेच. वरच्या यंत्रणेकडून एक मोठी ऑर्डर यायची, तिला पेरेंट म्हणत. स्मार्स तिचे तुकडे करून वेगवेगळ्या बाजारांत पाठवायचा, त्या चाइल्ड ऑर्डरी. पेरेंट ऑर्डर पुरी झाली की तुकडे पाठवणं थांबवायचं. हे "थांबवायचं" लक्षात ठेवा.

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने किरकोळ गुंतवणूकदारांसाठी रिटेल लिक्विडिटी प्रोग्रॅम नावाची योजना आणली. तिला मंजुरी मिळाली जुलै २०१२ मध्ये आणि सुरुवात ठरली १ ऑगस्टला. नाइटच्या गिऱ्हाइकांना तिच्यात भाग घेता यावा म्हणून स्मार्समध्ये नवीन कोड लिहावा लागणार होता. इथपर्यंत सगळं रोजचंच. तारीख बाहेरच्यांनी ठरवलेली आणि आत धावपळ. हे कुणाला नवीन आहे?

माळ्यावरचं सामान

स्मार्समध्ये पॉवर पेग नावाचा एक जुना भाग होता. २००३ साली नाइटने तो वापरणं बंद केलं. बंद केलं म्हणजे वापरणं बंद केलं. कोड तिथेच राहिला. एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, "हो" केला की तो अजूनही जागा होऊ शकत होता.

असा कोड आपण सगळ्यांनी सांभाळलेला आहे. घरात माळ्यावर जुना स्टोव्ह असतो, फेकवत नाही, "असू दे, लागला तर" म्हणून. आमच्याकडेही कोड काढून टाकायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, चालतंय ना, कशाला हात लावता? हे म्हणणं मूर्खपणाचं नसतं. काढताना काहीतरी मोडण्याची भीती खरी असते, आणि ठेवण्याची किंमत कुणाच्याच खात्यात दिसत नाही.

नाइटमध्ये ती किंमत वाढली २००५ मध्ये. पॉवर पेगच्या कोडमध्ये एक मोजणी होती : पेरेंट ऑर्डरीतले किती शेअर आत्तापर्यंत घेतले किंवा विकले गेले, ते मोजत राहायचं, आणि पुरे झाले की पुढचे तुकडे थांबवायचे. ही मोजणी त्या वर्षी स्मार्सच्या कोडमध्ये आधीच्या टप्प्यावर हलवली गेली. पोती मोजणारा कारकून दारावरून उचलून आतल्या खोलीत नेऊन बसवला म्हणा. चालू वापरातल्या रस्त्यांना त्याने फरक पडला नाही. पॉवर पेगचा रस्ता मात्र आता बिनमोजणीचा झाला होता, आणि तो रस्ता कुणी वापरतच नव्हतं, म्हणून पुन्हा तपासलाही नाही. एसईसीच्या आदेशात हे नेमकं लिहिलंय : हलवल्यानंतर पॉवर पेगची चाचणी घेतली गेली नाही.

म्हणजे २००५ पर्यंत जो कोड चुकून चालू झाला असता तर फार तर अवेळी पण मोजून मापून काम करता, तो २००५ नंतर चालू झाला तर कधीच थांबणार नव्हता. आणि या बदलाची माहिती असलेला माणूस २०१२ मध्ये त्या खोलीत असेलच याची खात्री कोण देणार?

एकाच फ्लॅगचे दोन अर्थ

आता नवीन कोड. तो लिहिताना नाइटने पॉवर पेगची जागा घेतली आणि त्याचाच फ्लॅगही. पूर्वी "हो" म्हणजे पॉवर पेग चालू. आता "हो" म्हणजे ही ऑर्डर किरकोळ योजनेसाठी पात्र आहे. जुना कोड याच रिलीजमध्ये काढून टाकायचा, म्हणजे गोंधळ व्हायचं कारणच नाही, असा हिशेब.

जुना फ्लॅग वापरण्याचा मोह कुठून येतो ते मला माहीत आहे. संदेशाच्या साच्यात नवीन रकाना घालायचा तर पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत बदल, तिच्या चाचण्या, तिची मंजुरी. इथे एक रकाना रिकामा पडलाय, कुणी वापरत नाही. वापरा.

पण या रिलीजच्या पोटात खरी मेख इथे आहे. एकाच झटक्यात तीन गोष्टी करायच्या होत्या : जुना अर्थ पुसायचा, नवीन अर्थ लिहायचा, आणि त्याच खुणेने तो बोलवायचा. हे तेव्हाच सुरक्षित, जेव्हा आठही सर्व्हरवर एकाच वेळी पुसणं आणि लिहिणं पूर्ण झालेलं असेल. एखादा जरी मागे राहिला, तर त्याच्या लेखी ती खूण जुन्याच अर्थाची. तो चूक करत नाही, त्याला जे शिकवलंय ते इमानाने करतो.

समजा, पॉवर पेग काढून टाकणारं रिलीज वर्षभर आधी, एकटंच, दुसरं काहीही सोबत न घेता केलं असतं. त्यात एक सर्व्हर राहिला असता तर काय झालं असतं? काहीच नाही. फ्लॅग कुणी लावतच नव्हतं. चूक तशीच पडून राहिली असती, कदाचित पुढच्या रिलीजमध्ये आपोआप धुऊन गेली असती. काढणं आणि जागा पुन्हा वापरणं यांच्यात अंतर ठेवलं असतं, तर टेक्निशियनचा विसराळूपणा बिनपैशाचा ठरला असता. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी वाटतं, आणि त्याच्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी, कारण विसरणारा माणूस गोष्टीत जास्त शोभून दिसतो.

२७ जुलै

२७ जुलैपासून, त्या दिवशी शुक्रवार होता, नवीन कोड टप्प्याटप्प्याने चढवायला सुरुवात झाली. एका दिवशी थोडे सर्व्हर, दुसऱ्या दिवशी आणखी थोडे. पुस्तकी नजरेने बघितलं तर हे शहाणपणाचंच. पण टप्प्याटप्प्याने चढवण्याचा फायदा केव्हा, तर पहिल्या टप्प्यावर नवीन कोड खरोखर काम करू लागतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. इथे योजनाच १ ऑगस्टला सुरू होणार होती. तोपर्यंत त्या ऑर्डरी येणार नव्हत्या, मग नवीन कोड सर्व्हरवर नुसता बसून राहणार. म्हणजे चढवणं टप्प्यांत झालं, चालू होणं मात्र सगळीकडे एकदम. माझ्या मते या टप्प्यांनी सुरक्षितता दिली नाही, सुरक्षित वाटण्याची सोय केली. उलट काम काही दिवसांवर पसरलं, आणि पसरलेल्या कामात "हा झाला का?" हा प्रश्न जास्त सहज निसटतो.

तो निसटला. आठातल्या एका सर्व्हरवर नवीन कोड गेला नाही. दुसऱ्या टेक्निशियनने हे काम तपासावं असा लेखी नियम कंपनीत नव्हता, आणि कुणी तपासलंही नाही. मराठीत "आठवा" हा आकडाही आहे आणि आज्ञाही. त्या आठवड्यात आज्ञा कुणालाच ऐकू आली नाही.

मी एकदा चार सर्व्हरच्या रिलीजमध्ये तिसऱ्यावर दोनदा कोड चढवला आणि चौथ्यावर एकदाही नाही. टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी उघड्या होत्या, दोन्ही काळ्या, दोन्हींत तेच आकडे. यादीवर चारही टिकमार्क झाले होते आणि मी मनापासून केले होते. आमच्या नशिबाने तो अंतर्गत रिपोर्टांचा सर्व्हर होता. दोन दिवसांनी लेखा विभागातल्या काकूंनी विचारलं की कधी नवा रकाना दिसतो, कधी दिसत नाही, असं का? तेव्हा कळलं.

म्हणून एसईसीच्या आदेशातला दुसऱ्या माणसाच्या तपासणीचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. दुसरा माणूस असता तर कदाचित सापडलं असतं. पण दुसरा माणूसही बऱ्याचदा यादीच तपासतो, सर्व्हर नाही. पहिल्याचे टिकमार्क बघून स्वतःचे करतो. विचारायचं असेल तर सर्व्हरला विचारावं. प्रत्येक सर्व्हरने आपण कोणत्या बिल्डवर उभे आहोत ते स्वतःच्या तोंडाने सांगावं, बिल्ड तयार होताना त्याच्यावर जो शिक्का बसतो तो शिक्का दाखवावा, आणि आठ उत्तरं एकसारखी आल्याशिवाय दार उघडू नये. हे २०१२ मध्ये काही अवघड नव्हतं. सर्व्हर एकसारखे ठेवणारं पपेट २००५ पासून होतं, तसंच शेफ २००९ पासून, आणि बिल्ड आपोआप करणारं जेनकिन्स हडसनचं नाव टाकून नव्या नावाने नांदू लागल्यालाही वर्ष उलटलं होतं. अवजार विकत आणायची गरज नव्हती. दहा ओळींच्या शेल स्क्रिप्टने आठ फायलींचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून शेजारी शेजारी छापला असता तरी सातांच्या रांगेत आठवा वेगळा दिसला असता.

९७ मेल

१ ऑगस्टची सकाळ. बाजार उघडायच्या आधीच्या सत्रासाठीही काही ऑर्डरी आल्या होत्या आणि त्यातल्या काही नव्या योजनेला पात्र होत्या. आठ वाजून एक मिनिटापासून नाइटच्या आतल्या एका यंत्रणेने आपोआप मेल पाठवायला सुरुवात केली. त्यांना म्हणत "बीनेट रिजेक्ट्स", आत स्मार्सचा उल्लेख, आणि बिघाड काय ते सांगणारे शब्द : "पॉवर पेग डिसेबल्ड". साडेनऊपर्यंत असे ९७ मेल कंपनीतल्या एका गटाला गेले.

एकोणनव्वद मिनिटं हातात होती, असं सगळे हळहळून सांगतात. पण हे मेल धोक्याची घंटा म्हणून बनवलेले नव्हते आणि लोक ते आले तसे वाचतही नसत. कुणाच्या मेलमध्ये असं एक फोल्डर नाही, ज्याच्यावर चार आकडी न वाचलेल्यांचा ठिपका असतो? मला तर वेगळीच शंका येते. समजा, कुणी एकाने उघडून वाचला असता. "पॉवर पेग डिसेबल्ड." पॉवर पेग बंद आहे. बरोबरच आहे की, नऊ वर्षांपासून बंद आहे. वाचणाऱ्याने मान हलवून मेल बंद केला असता. शब्द असे पडले होते की बातमी धोक्याची आणि वाचायला दिलासा. ज्याला ते नाव ऐकून "हे मढं आज कसं बोललं?" असं वाटलं असतं, असा माणूस जुना हवा होता, आणि त्या फोल्डरमध्ये डोकावणारा हवा होता.

साडेनऊ ते सव्वादहा

तिथे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. त्याच संध्याकाळी, जवळपास त्याच तासाभरात, पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. आदल्या दोन दिवसांत उत्तरेचं वीजजाळं दोनदा कोसळलं होतं. अमेरिकेतल्या एका दलालाच्या सर्व्हरची बातमी इथल्या आयटीवाल्यांच्या त्या आठवड्याच्या आठवणीत नसते, यात नवल काही नाही.

बाजार उघडला. फ्लॅग लागलेल्या ऑर्डरी आठही सर्व्हरवर वाटल्या जाऊ लागल्या. सातांनी नव्या कोडप्रमाणे काम केलं. आठव्याने फ्लॅग पाहिला, पॉवर पेग चालू केला, तुकडे पाठवायला लागला. मोजणारा कारकून सात वर्षांपूर्वीच उठून गेला होता. पेरेंट ऑर्डर पुरी झाली तरी तुकडे चालूच.

सगळ्या प्रकारात अशा पेरेंट ऑर्डरी होत्या फक्त २१२. त्यांच्यापोटी ४० लाखांवर सौदे झाले, म्हणजे एकेका ऑर्डरीमागे सरासरी १८-१९ हजार. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाख शेअर. ८० कंपन्यांमध्ये नाइटकडे साडेतीन अब्ज डॉलरची नको असलेली खरेदी साचली, ७४ मध्ये ३ अब्ज १५ कोटींची विक्री. ७५ शेअरांमध्ये त्या वेळातली २० टक्क्यांहून जास्त उलाढाल एकट्या नाइटची होती आणि भाव ५ टक्क्यांहून जास्त हलले. त्यातल्या ३७ मध्ये तर निम्म्याहून जास्त उलाढाल नाइटची आणि भाव १० टक्क्यांच्या वर सरकलेले. स्वतःच्याच मागणीने भाव चढवायचा आणि चढलेल्या भावाने आणखी घ्यायचं.

आता त्या खोलीतल्या माणसांच्या जागी बसून बघा. आज नवीन कोड चालू झाला, आज गोंधळ झाला. दोन्ही एकाच सकाळी. कुणीही नवीन कोडवरच बोट ठेवील. त्यांनी सात सर्व्हरवरून नवीन कोड काढला.

आणि सातही सर्व्हर पॉवर पेगवर आले.

वरून येणाऱ्या ऑर्डरींवर फ्लॅग लागतच होता. तो लावणाऱ्या यंत्रणेला कुणी मागे घेतलं नव्हतं. म्हणजे कोड जुलैत गेला आणि ऑर्डरी ऑगस्टमध्येच राहिल्या. आपण "रोलबॅक" म्हणतो तेव्हा मनात असं चित्र असतं की सगळी सृष्टी कालच्या जागी जाऊन उभी राहील. तसं होत नाही. मागे जाते ती फाइल. डेटाबेसमध्ये पडलेल्या नोंदी, रांगेत थांबलेले संदेश, शेजारच्या टीमने त्याच सकाळी चालू केलेली सोय, हे सगळं आजच्याच तारखेत असतं. कालचा कोड आजच्या ऑर्डरींपुढे बसवणं ही स्वतःच एक नवीन, कधीही न तपासलेली रचना असते. नाइटमध्ये ही रचना नेमकी एका ठिकाणी आधीपासून चालू होती आणि सगळा घात तीच करत होती. त्यांनी तिच्या सात प्रती काढल्या.

आणखी एक चकवा होता. बिघाड झाला की आपला पहिला प्रश्न असतो, "काय बदललं?" आठव्या सर्व्हरवर काहीच बदललं नव्हतं. तोच तर घोटाळा होता. कोणत्या सर्व्हरवर काय आहे याचा तक्ता समोर असता तरच "सात बदलले, एक नाही" हे दिसलं असतं. बदलांची यादी बघून ते दिसणं शक्य नव्हतं, कारण न झालेला बदल यादीत येत नाही.

अशा वेळी काय करायचं हे सांगणारी लेखी पद्धत कंपनीकडे नव्हती. थांबवायचा अधिकार कुणाचा, कुठलं बटण दाबायचं, बाजारात कुणाला फोन करायचा, हे सगळं चालू आगीत ठरवायचं होतं. पैशाच्या बाजूची बंधनंही तशीच. न जुळणारे सौदे ३३ क्रमांकाच्या एका खात्यात साचत होते. त्या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा होती, पण ती मर्यादा ऑर्डरी सोडणाऱ्या यंत्रणेला जोडलेलीच नव्हती. घाटात "वेगमर्यादा ३०" अशी पाटी असते तशी. पीमॉन नावाची एक पडद्यावर आकडे दाखवणारी व्यवस्था होती, पण ती माणसाने बघत बसायची, आपण होऊन ओरडणारी नव्हे, आणि पडद्यावर मर्यादाही दिसत नव्हत्या.

पुढे काय झालं

ते लवकर सांगण्यासारखं आहे. एक्स्चेंजने फक्त सहा शेअरांमधले सौदे रद्द केले, बाकीचे नाइटच्या गळ्यात राहिले. दुसऱ्या दिवशी कंपनीने ४४ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला, तो पुढे ४६ कोटींवर गेला. १० डॉलर ३३ सेंटचा शेअर दोन दिवसांत २ डॉलर ५८ सेंटवर आला. ६ ऑगस्टला जेफरीज, ब्लॅकस्टोन, गेटको वगैरे गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून कंपनी तगवली, आणि अर्थातच मालकीचा मोठा वाटा घेतला. जुलै २०१३ मध्ये ती गेटकोत विलीन होऊन केसीजी झाली, २०१७ मध्ये तिलाही व्हर्चूने विकत घेतलं. एसईसीने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड लावला. बाजारात थेट ऑर्डरी पाठवणाऱ्या दलालांसाठी २०१० मध्ये केलेल्या नियमाखालची ती पहिली कारवाई. ४६ कोटींपुढे दंडाचं कुणाला काय वाटणार?

आदेशातली एक जुनी घटना मात्र मला सोडवत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे दहाच महिने आधी, नाइटने शनिवार-रविवारी आपत्कालीन तयारीची चाचणी घेतली. त्यासाठी खोटा डेटा वापरला. सोमवारी बाजार उघडला तरी एका विभागाची यंत्रणा त्याच खोट्या डेटावरून भाव देत राहिली. जवळपास ७५ लाख डॉलर गेले. कंपनीने त्यावर उपाय केला, पण त्या एका घटनेपुरता. तिथेही मूळ दुखणं हेच होतं की सर्व्हरवर आत्ता नेमकं काय आहे ते बाजार उघडण्यापूर्वी कुणी त्याला विचारलं नव्हतं. ठेच लागली, दगड बाजूला केला, वाट तीच.

आमच्याकडे काय बदललं

हे प्रकरण वाचल्यावर आम्ही फार मोठी क्रांती केली नाही. आमचा धंदा शेअरांचा नाही, आमच्याकडे मिनिटाला कोटी जात नाहीत. पण तीन-चार सवयी लागल्या. पाइपलाइनच्या, म्हणजे कोड आपोआप चढवणाऱ्या साखळीच्या, शेवटी प्रत्येक सर्व्हर आपला बिल्ड क्रमांक सांगतो आणि एक जरी वेगळा बोलला तर रिलीज "पूर्ण" होत नाही, ते लालच राहतं. यावरून सुरुवातीला कुरबूर झाली. एक सर्व्हर देखभालीसाठी बंद असला तरी रिलीज अडतं, मग लोक त्याला यादीतून काढायला निघतात. काढायचा तर ट्रॅफिकमधूनही, म्हणजे त्याच्याकडे काम येण्याच्या रस्त्यातूनही, काढा, एवढीच अट ठेवली. अर्ध्या यादीतून काढलेला सर्व्हर म्हणजे पुढचा आठवाच.

फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, मेलेल्या फ्लॅगचंही नाही. जुना कोड काढायचं रिलीज वेगळं, आणि त्याच्यानंतर निदान एक रिलीज मध्ये गेल्याशिवाय त्या जागेवर नवीन काही उभं करायचं नाही. हे ऐकायला सोपं आणि पाळायला कंटाळवाणं आहे, कारण काढण्याच्या रिलीजला टाळ्या मिळत नाहीत आणि स्प्रिंटच्या, म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या कामांच्या, यादीत ते नेहमी तळाला सरकतं.

मागे घेण्याची रंगीत तालीम करणं मात्र आम्हाला अजून नीट जमलेलं नाही. करतो, पण रिकाम्या टेस्ट सर्व्हरवर. खरी तालीम म्हणजे नवीन कोडने दोन तास खऱ्यासारखा डेटा तयार करायचा आणि मग त्याच डेटापुढे जुना कोड बसवून बघायचा. त्याला वेळ लागतो, आणि वेळ मागायला गेलं की "रोलबॅक लागतंच किती वेळा?" असा प्रश्न येतो.

मागच्या महिन्यात कोडं पुन्हा घातलं. पाच जण होते. तिघांनी सांगितलं, जुना कोड परत टाकू. एकाने सर्व्हर सरळ बंद करू म्हटलं, ते बरं उत्तर आहे, त्याला मी थांबवलं नाही. पाचवी मुलगी सपोर्टमधून आमच्याकडे आलेली, डेव्हलपर नव्हे. तिने फळ्यावरचं चित्र जरा वेळ बघितलं.

"सर, तो फ्लॅग लावतंय कोण?"

"वरची यंत्रणा. ऑर्डर पात्र असेल तर ती लावते."

"मग आधी तिला सांगा ना, लावू नकोस म्हणून. खालचे आठ काय करतात ते मग निवांत बघू."

बाकीचे गप्प झाले. मग एकाने विचारलं की आपल्याकडे असे फ्लॅग किती आहेत आणि ते कोण कोण लावतं? मला सांगता येईना. जेवणानंतर आम्ही यादी काढायला बसलो, आणि सहाची बस पकडायला लोक उठले तेव्हा ती पुरी झाली नव्हती.